खानदेशातील वंगण : गाडीच्या नळकांड्यापासून फवाऱ्याच्या डब्यापर्यंत



वसंतातील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात काही ठरावीक विषय येतात. कोणी संतवाङ्मयावर बोलेल, कोणी पानिपतावर, कोणी चालू राजकारणावर. अशा उच्चासनावर ‘वंगण’ हा विषय आणून बसवायचा म्हणजे बैठकीत तेलकट चिंधी टाकण्यासारखेच आहे. व्यवस्थापकांनीही मला विचारले, “विषय नक्की इतिहासाचाच आहे ना?” मी म्हणालो, “इतिहासाचाच आहे. फरक इतकाच, की त्याचे कागद कोणी जपून ठेवले नाहीत.”

धुळ्यात हे बोलणे विशेष प्रस्तुत आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जन्मभर गावोगावची दप्तरे धुंडाळली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी देह ठेवला. कागदाचा एक एक चिटोरा किती मोलाचा असतो हे त्यांनी आपल्याला शिकवले. पण ज्या गाडीतून ती दप्तरे वाहिली गेली, त्या गाडीच्या आखाला काय चोपडले होते, याचा जमाखर्च बहुधा कोणी मांडला नाही. वंगण हे कामाला येते आणि पुसले जाते. ते दिसू लागले तर आपण ‘डाग पडला’ म्हणतो, आणि नसले तर ‘गाडी कुरकुरते’ म्हणतो. सरकारी काम अडले की “थोडे वंगण लागेल” असे आपण हसत म्हणतो, परंतु खऱ्या वंगणाकडे फारसे पाहत नाही.

हल्ली पुष्कळ घरांत फवाऱ्याचा एक डबा आलेला असतो. कडी करकरली, मार फवारा. कुलूप अडले, मार फवारा. सायकल, शिलाई यंत्र, पंपाचा नट, सर्वांना तोच डबा. एका औषधाने साऱ्या व्याधी बऱ्या होतात असे सांगणाऱ्या वैदूवर आपण विश्वास ठेवत नाही, पण डब्यावर ठेवतो. म्हणून आज मला एक साधे सूत्र आपल्यापुढे मांडावयाचे आहे. तेलाची कामे तीन आहेत : अडलेले सोडवणे, फिरणारे फिरते ठेवणे, आणि लोखंड गंजापासून राखणे. ही तीन कामे निराळी आहेत. आपल्या खानदेशाच्या गेल्या दोनशे वर्षांच्या उद्योगात ती कोणी, कशाने आणि किती किंमत देऊन केली, ते पाहू.

१

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. त्या काळी या प्रदेशातला बराचसा माल लमाण आणि वंजारी यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. पाठीवरच्या गोणीला वंगण लागत नाही. पुढे मुंबई-आग्रा रस्ता बांधला गेला, गाड्यांची वर्दळ वाढली, आणि धुळे हे त्या रस्त्यावरचे मोठे गाव झाले. रस्ता आला तसे चाक आले, आणि चाक आले तसे वंगण आले.

जुन्या बैलगाडीच्या खाली एक बांबूचे नळकांडे किंवा शिंग टांगलेले असे. त्यात वंगण असे, आणि ते लावायला एक काडी. लांबच्या मजलेवर गाडीवान मुक्कामाला उतरला की आधी बैलांना वैरण-पाणी, आणि मग चाकांना वंगण. खीळ काढून चाक थोडे बाहेर ओढायचे, आखावर काडीने लेप द्यायचा, चाक परत सारायचे. हे काम चुकले तर तुंबा झिजे, आख तापे, आणि बैलांच्या मानेवर नाहक ओझे पडे. चाकाच्या आवाजावरून “अमक्याची गाडी आली” असे घरात बसून ओळखणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

हे वंगण होते कशाचे? नुसते तेल चालत नसे. आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात पातळ तेल आखावरून ओघळून जाई. म्हणून एरंडेलासारखे दाट तेल घ्यायचे आणि त्यात जाळलेल्या काथ्याची किंवा काडाची राख, काजळी खलायची. राखेने तेलाला अंग येई आणि ते जागा सोडत नसे. एरंडेलाची निवडही उगाच नव्हती. आपल्या ओळखीच्या गोड्या-कडू तेलांत ते सर्वांत दाट, धातूला घट्ट धरून राहणारे, आणि हवेत सहसा न वाळणारे आहे. पुढे यंत्रशास्त्राने हे गुण मोजून दाखवले, पण गाडीवानाला ते बोटांनी कळले होते.

दुसरे तेल करडईचे. करडई भाजून, जाळून एक काळे चिकट तेल काढीत. ते खाण्याच्या कामाचे नसे. मोटेच्या कातड्याला आणि नाड्याला ते चोपडले जाई. त्याने पाणी आत शिरत नसे, कातडे कुजत नसे. पाहा, येथे तेलाची दोन कामे आमच्या शेतकऱ्याने आपोआप वेगळी केली होती. फिरत्या आखाला एरंडेल आणि भिजणाऱ्या कातड्याला जळके करडईतेल. एकच नळकांडे दोन्हीकडे फिरवण्याचा आळस त्याने केला नाही.

ही युक्ती केवळ आपलीच होती असे मात्र नाही. सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन थडग्यातील चित्रात एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढला जात आहे, आणि गाडीच्या पुढे उभा राहून एक मनुष्य वाळूवर काहीतरी ओतीत आहे. पुष्कळ दिवस याला धार्मिक विधी समजत. २०१४ साली हॉलंडमधील पदार्थविज्ञान्यांनी प्रयोग करून दाखवले, की वाळूत योग्य प्रमाणात पाणी मिसळले तर ओढण्याचे श्रम जवळजवळ निम्म्यावर येतात. ज्याला आपण पूजा समजत होतो, ते वंगण होते!

२

१८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८६० नंतरच्या दशकात रूळ खानदेशात आले. भुसावळाहून एक फाटा नागपूरकडे, दुसरा जबलपूरकडे गेला, आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग जोडला गेला तेव्हा भुसावळ हे हिंदुस्थानच्या नकाशावरचे एक नाक झाले. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेहून अमळनेरमार्गे जळगावला येणारी तापी खोऱ्यातील रेल्वे, हे दोन्ही मार्ग आले.

आगगाडीचे चाक म्हणजे बैलगाडीचे चाक नव्हे. त्यावरचा भार कैक पट आणि वेगही कैक पट. काडीने लेप देऊन भागण्याजोगे हे काम नव्हते. डब्याच्या प्रत्येक आखाच्या टोकाशी एक लोखंडी पेटी असे. तिच्यात सुताचा किंवा लोकरीचा बोळा तेलात भिजवून दाबून भरीत. आख फिरला की बोळा त्याला तेल पुशीत राही. हा बोळा कोरडा पडला की आख तापून लाल होई आणि प्रसंगी मोडे. म्हणून गाडी स्टेशनात थांबली की हातात तेलाची लांब चोचीची झारी घेतलेला मनुष्य गाडीच्या अंगाने चाले, पेटीला हात लावून ऊन लागते का पाही. फलाटावर उतरलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी चहा घेतला आणि फराळ केला, तो या माणसाच्या तळहाताच्या भरवशावर. त्याचे नाव कोणत्याही स्मारकावर नाही.

या काळात हिंदुस्थानातील आगगाड्यांना एरंडेल मोठ्या प्रमाणावर वापरले जाई, यंत्रांनाही आणि दिव्यांनाही. म्हणजे बैलगाडीच्या नळकांड्यातले तेलच आगगाडीच्या झारीत गेले. आणि येथेच थांबले नाही. इंग्लंडात चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली मोटारी व विमानांसाठी जे तेल काढले त्यात एरंडेल घातले, आणि त्यावरूनच त्याचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव पडले. पहिल्या महायुद्धात अनेक विमानांची इंजिने एरंडेलावर फिरत होती. आजीच्या फडताळातील जे बाटलीभर तेल पाहून आपण लहानपणी पळत सुटायचो, ते फ्रान्सच्या आभाळात लढाई करीत होते!

तेल नेमके काय करते, हे मात्र शास्त्राला उशिरा उमगले. १८८३ मध्ये इंग्लंडात बोशां टॉवर नावाचा यंत्रज्ञ रेल्वेच्या आखाच्या धारव्यावर प्रयोग करीत होता. धारव्याच्या माथ्यावर त्याने तेल घालण्यासाठी भोक पाडले. यंत्र चालू होताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, तर तेलाने बूच हळूहळू बाहेर ढकलले. मग दाब मोजला. आख आणि धारवा यांच्यामधला तेलाचा पातळ पापुद्रा सारा भार स्वतःच उचलून धरीत आहे, असे दिसले. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. फिरणारा आख स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचरीसारखे दाबतो आणि त्यावर तरंगतो. लोखंड लोखंडाला शिवतच नाही. म्हणून फिरत्या वस्तूला पुरेसे दाट तेल लागते. हे तत्त्व ध्यानात ठेवा, फवाऱ्याच्या डब्याकडे आपण परत येऊ तेव्हा ते उपयोगी पडेल.

३

आता कापसाकडे. कापसाशिवाय खानदेशाची कोणतीच गोष्ट पुरी होत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव ही मोठी पेठ झाली. हातरेच्याच्या जागी वाफेचे जिन आले, गठ्ठे दाबणारे प्रेस आले, आणि १८७० नंतरच्या दशकात जळगावला खानदेश मिलची धुरांडी उभी राहिली. पुढे अमळनेरला प्रतापशेठ यांची गिरणी निघाली, धुळ्यालाही गिरणी निघाली.

जिनमध्ये वंगणाची मोठी पंचाईत असते. येथे तेल हवे आणि नको, दोन्ही. रूळाच्या टोकाला तेल नसेल तर तो तापतो. तेल जास्त झाले तर ते कापसाला लागते, आणि डागी कापसाला व्यापारी भाव देत नाही. त्यातून हवेत उडणारे तंतू तेलावर बसतात, त्यांत काळ्या मातीची धूळ मिसळते, आणि जे वंगण म्हणून घातले ते कानशीसारखे लोखंड खाऊ लागते. म्हणून जिनमधल्या जुन्या फिटरचा नियम असे : आधी पुसा, मग तेल द्या, मग पुन्हा पुसा. तीन क्रिया, आणि त्यांतल्या दोन पुसण्याच्या!

आणि आग? जिन-प्रेसमधली आग ही आपल्या दोन्ही गावांच्या ओळखीची. तापलेल्या धारव्याला कापूस लागून आग धरते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कोणी काडी न ओढता, ठिणगी न पडताही आग लागू शकते, हे थोड्यांना ठाऊक असते. जवस आणि करडई ही आपल्याकडची तेले हवेत वाळतात. वाळतात म्हणजे हवेतील प्राणवायू शोषून घेतात, आणि ते करताना उष्णता बाहेर पडते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा किंवा कापसाच्या बोळ्यांचा ढीग कोपऱ्यात पडला, तर ती उष्णता आतच कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी ढीग आपोआप पेट घेतो. ज्या गावात एकीकडे जवसाचे घाणे आणि दुसरीकडे कापसाच्या गंज्या, तेथे हे ज्ञान म्हणजे केवळ रसायनशास्त्र नव्हे. तेलाचे बोळे झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावे आणि रोज संध्याकाळी बाहेर काढावे, हा कारखान्यांतला नियम या अनुभवातून आला. आजही सुताराच्या दुकानात आणि घर रंगवताना तो पाळण्याजोगा आहे. तेलात भिजलेली चिंधी चुरगळून ढिगात टाकू नये, उघड्यावर पसरून वाळू द्यावी.

खनिज तेल असे वाळत नाही. गिरण्यांनी आणि रेल्वेने वनस्पतीचे तेल हळूहळू सोडून खनिज तेल धरले, त्यामागे भाव हे एक कारण आणि हा गुण हे दुसरे. तिसरेही एक कारण आहे. १८५७ सालचे काडतुसांचे प्रकरण आपण शाळेत वाचले. त्या काडतुसांना लावलेले वंगण गायीच्या आणि डुकराच्या चरबीचे आहे, ही वार्ता पलटणींत पसरली आणि पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. वंगण कशाचे, हा प्रश्न या देशात साधा नव्हता. जमिनीतून निघालेल्या तेलाविषयी असा प्रश्नच उद्भवत नव्हता.

इकडे खाण्याच्या तेलाचे मोलही वाढत गेले. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. शेंगदाण्याचे तेल घेऊन वनस्पती तूप आणि साबण करणारी ही गिरणी. हीच पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या धंद्यात जगभर गेली. तेलबिया कढईच्या आणि साबणाच्या झाल्या, चाक मात्र खनिज तेलाचे झाले. घाण्याचे तेली आणि गाडीचे चाक यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध असा तुटला.

४

आता घरात येऊ. खनिज तेल आपल्या घरात प्रथम आले ते दिव्यासाठी. २७ ऑगस्ट १८५९ रोजी अमेरिकेतील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागले. तिकडे त्याला ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकाचे तेल म्हणत. त्याचेच आपण ‘रॉकेल’ केले, आणि ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’. प्रथम अमेरिकेचे, मग रशियाचे, मग ब्रह्मदेशाचे रॉकेल हिंदुस्थानात येऊ लागले. १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ हे टाकीवजा जहाज रशियन रॉकेल घेऊन सुवेझ कालव्यातून पूर्वेकडे आले, आणि तेलाची ने-आण स्वस्त झाली. पत्र्याचा चौकोनी डबा घरोघर शिरला. तेल संपले तरी डबा संपत नसे. त्यात धान्य, त्यात पाणी, तो कापून छपराला पत्रा.

आणि याच रॉकेलने आपल्या घरात ‘सोडवणाऱ्या’ तेलाचे काम सुरू केले. गंजलेला नट असेल, सुरीचे अडलेले पाते असेल, किल्ली न फिरणारे कुलूप असेल, घाल रॉकेल आणि ठेव रात्रभर. हे का चालते? लोखंड गंजले म्हणजे त्याचा ऑक्साइड होतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली केसाएवढी फट त्याने ठासून भरते. रॉकेल अतिशय पातळ आणि ओल धरणारे असल्यामुळे दिव्याच्या वातीत चढते तसेच त्या फटीत शिरते, गंजाची पूड सैल करते. सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी त्यात थोडे मशीन-ऑइल मिसळून आपले मिश्रण केले. पातळ भाग आत नेणारा, दाट भाग आत राहणारा. आज जे विकत मिळते त्याचे हे गावठी पूर्वरूप होय.

जळगावच्या इतिहासात तर रॉकेलला मानाचे पान आहे. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरातील सात हजार रुपयांच्या भांडवलावर धंदा सुरू केला तो हातगाडीवरून रॉकेल विकण्याचा. त्यातून पुढे शेतीची अवजारे, नळ्या आणि ठिबक सिंचनाचा जगभर पसरलेला उद्योग उभा राहिला. मौजेची गोष्ट अशी, की त्या नळ्यांच्या सांध्यातील रबरी कड्यांना रॉकेल वा खनिज तेल मुळीच चालत नाही. रबर फुगते आणि सांधा गळतो. तेथे साबणाचे पाणीच लावावे. एका घरातील दोन धंद्यांनीच जणू आपल्याला शिकवले, की प्रत्येक तेलाची जागा ठरलेली असते.

माझ्या लहानपणची एक आठवण सांगतो. माझी आत्या धुळ्याला लोकांचे कपडे शिवून संसार चालवी. तिचे शिलाई यंत्र म्हणजे तिचे शेत आणि तिचा बैल. एके वर्षी पौषात, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, यंत्र जड झाले. पाय मारून ती थके, चाक फिरेना. दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी वरचा पत्रा काढला, आत बोट फिरवले आणि वास घेतला.

“आक्का, यात काय घालत होतीस?”

“घरातलं चांगलं खोबरेल घालत होते हो काका. बाहेरच्या तेलाचा काय भरवसा?”

“खोबरेल डोक्याला. यंत्राला नाही. थंडीत ते थिजतं, आणि जुनं झालं की त्याचा डिंक होतो.”

त्यांनी दुपारभर रॉकेलने एक एक भाग धुतला, कोरडा केला, आणि मग थेंब थेंब मशीन-ऑइल घातले. जाताना म्हणाले, “धुतल्यावर तेल घालायला विसरू नकोस. रॉकेलनं यंत्र सुटतं, चालत नाही.” खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते, हे मी पुढे पुस्तकात वाचले. पण काकांचे शेवटचे वाक्य मला कोणत्याही पुस्तकात इतके चोख सापडले नाही. आज जे मी आपल्याला सांगतो आहे, ते त्याच वाक्याचे भाष्य समजा.

५

स्वातंत्र्यानंतर शेतातली मोट गेली आणि इंजिन आले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. अशा इंजिनांच्या टकटकीवर केळीची कितीतरी राने भिजली. इंजिनातून काढलेले काळे, जळके तेल शेतकऱ्याने फेकले नाही. ते बैलगाडीच्या आखाला, नांगराला, दाराच्या बिजागरीला गेले. म्हणजे पणजोबांचे काळे वंगण एका पिढीने पुन्हा काळ्याच रूपात वापरले. पण त्या तेलात धातूचा चुरा आणि जळलेली घातक द्रव्ये असतात. ते कातडीला लावून घेऊ नये, आणि विहिरीच्या काठावर तर सांडूच नये. हळूहळू गाडीलाही रबरी टायर आणि बंद बेअरिंग आले, आणि गाडीखालचे नळकांडे कायमचे उतरले.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला फवाऱ्याचा डबा जन्माला येत होता. दाबाखालच्या वायूने द्रव फवारण्याची कल्पना नॉर्वेच्या एरिक रोटहाइमची, १९२० नंतरच्या दशकातली. १९४१ मध्ये अमेरिकेच्या शेतीखात्यातील गुडह्यू आणि सलिव्हन यांनी तिला कामाचे रूप दिले. हेतू होता महायुद्धातील शिपायांना हिवतापाच्या डासांपासून वाचवण्याचा. १९५३ साली सॅन डिएगो येथील रॉकेट केमिकल कंपनी या लहानशा कारखान्यात अग्निबाणांच्या पत्र्यावरून पाणी हटवून गंज टाळणारे द्रव्य शोधले जात होते. चाळिसावा प्रयत्न साधला, म्हणून त्याचे नाव डब्ल्यूडी-४०. पहिली दोन अक्षरे ‘पाणी हटवणे’ या इंग्रजी शब्दांची. कामगार ते गुपचूप घरी नेऊ लागले, तेव्हा मालकांच्या ध्यानात आले की याला घरगुती गिऱ्हाईक आहे. १९५८ मध्ये ते फवाऱ्याच्या डब्यात बाजारात आले. पुढे अशा डब्यांतील काही वायूंनी आकाशातील ओझोनचा थर झिजतो असे १९७४ मध्ये रोलंड आणि मोलिना यांनी दाखवले, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायू बंद होत गेले.

नीट पाहा, हे द्रव्य मूळचे वंगण नव्हेच. त्याचे जन्मकार्य पाणी हटवणे आणि लोखंड राखणे. त्यात निम्म्याहून अधिक भाग हलक्या द्रावकाचा असतो. तो उडून जातो आणि मागे तेलाचा पातळ पापुद्रा राहतो. टॉवरच्या धारव्यात भार उचलणारा जो दाट पापुद्रा आपण पाहिला, तो येथे नाही. उलट जुने दाट वंगण असेल तर द्रावक ते धुऊन नेतो. म्हणूनच फवाऱ्याने कडी दोन दिवस गप्प बसते आणि तिसऱ्या दिवशी अधिकच ओरडते.

मग याचा उपयोग कोठे? पुष्कळ ठिकाणी. गंजलेला नट सोडवायचा तर आधी तारेच्या ब्रशाने गंज खरडावा, फवारावे, हातोडीने हलके ठोकावे, आणि थांबावे. तासभर, जमल्यास रात्रभर. मग नट प्रथम किंचित आवळावा आणि नंतर सोडावा. जबरदस्तीने बोल्ट तुटतात, धीराने सुटतात. पावसात भिजलेल्या कुलपातले पाणी हटवायला, पावसाळ्यापूर्वी अवजारांना पुसट लेप द्यायला, पत्र्यावरचा चिकट डिंक काढायला हा डबा चांगला. परंतु सायकलच्या साखळीला त्याने धुवावे, कोरडे पुसावे, आणि मग खरे तेल द्यावे. शिलाई यंत्राला पांढरे मशीन-ऑइल. कुलपाला, आपल्या धुळीच्या मुलखात, पेन्सिलीच्या शिशाची पूड बरी, कारण तिला धूळ चिकटत नाही. ब्रेकला आणि रबराला काहीच नाही. पेटत्या शेगडीजवळ, देवघरातल्या समईजवळ, चालू विजेच्या यंत्रावर फवारा कदापि मारू नये. आणि डबा मेच्या उन्हात मोटारीत ठेवू नये.

६

१९६६ मध्ये इंग्लंडात एक सरकारी अहवाल निघाला. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासाला त्याने ‘ट्रायबॉलॉजी’ असे नवे नाव दिले, आणि या दुर्लक्षामुळे राष्ट्राचे कोट्यवधी पौंड वाया जात असल्याचे दाखवले. आपल्या भाषेत या शास्त्राचे नाव फार जुने आहे : निगा.

आज जळगावच्या खानदेश मिलचा भोंगा वाजत नाही. आखाच्या पेटीला हात लावून पाहणारा मनुष्य भुसावळच्या फलाटावर दिसत नाही, कारण पेटीच उरली नाही. यंत्रे सुधारली, हे चांगलेच झाले. परंतु त्या माणसांबरोबर एक सवय गेली. आवाज ऐकण्याची, हात लावून ऊन पाहण्याची, आधी पुसून मग तेल देण्याची. अडल्यावर फवारा मारणे ही निगा नव्हे, तो तात्पुरता उतारा आहे. आणि हे केवळ यंत्रापुरते खरे आहे असे मला वाटत नाही. आपल्या नगरपालिका, आपल्या शाळा, आपले पाटबंधारे, अडेपर्यंत कोणी पाहत नाही, आणि अडले की आपण डबा शोधतो.

माझी एक विनंती आहे. या सभागृहात अशी कुटुंबे असतील, ज्यांचे आजोबा गिरणीत तेलवाले होते, जिनमध्ये फिटर होते, रेल्वेत झारी घेऊन फिरत होते. त्यांच्या कामाचे शब्द, त्यांची हत्यारे, त्यांचे नियम लिहून ठेवा. एखादे जुने नळकांडे, एखादी चोचीची झारी माळ्यावर असेल तर भंगारात घालू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा, आणि नातवंडांना दाखवा. राजवाड्यांनी कागद वाचवले. जे कागदावर कधी चढलेच नाही ते वाचवायचे असेल, तर ते आपल्यालाच करावे लागेल.

आणि आज घरी गेल्यावर दाराची कडी वाजली, तर डब्याकडे हात जाण्याआधी क्षणभर थांबा. हिला सोडवायचे आहे, फिरते ठेवायचे आहे, की गंजापासून राखायचे आहे, एवढे स्वतःला विचारा. तेवढे झाले, तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे मी समजेन.